बसायची पेटी

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा होतो.
उभा म्हणजे उभाच.
मालक म्हणायचा, बसलेल्या माणसाचं माप चुकतं.
स्टूल एकच होतं, त्यावर तेलाचा डबा बसायचा.

आता गुडघे वाजतात कोरड्या बेअरिंगसारखे,
आणि राजाराम बंधाऱ्याच्या अलीकडं
गळ टाकून बसायचं म्हणतोय,
तर बसायचं कशावर, यातच दिवाळी गेली.

रंगाची बादली उपडी घालून पाहिली.
गुडघे कानाला लागले.
बाबालाल म्हणाला, अंडी घालाय बसलाईस व्हय?
दुधाच्या क्रेटवर एक रविवार काढला,
घरी येऊन बघतो तर मागं चौकडीची वही छापलेली.
बाबालालची स्वतःची मिलिटरीची काळी ट्रंक,
झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, नंबर, युनिट.
तिच्यावर बसायचं तर सकाळी दहापर्यंतच,
नंतर भाकरी भाजून निघेल.
शिवाय गांडुळांचा डबा आत.
म्हणजे उठा, झाकण उघडा,
आणि तेवढ्यात बूच बुडणारच.
माशाला कळतं माणूस कधी उठतो ते.

लक्ष्मीपुरीत एका दुकानात खरी पेटी होती.
चार पाय, चारी वरखाली होणारे,
कप्पे बाजूनं ओढायचे, उठायला नको,
वर निळी गादी.
दुकानातला पोरगा म्हणाला, बसून बघा काका.
बसलो.
मला बस म्हणून कुणी स्वतः उभं राहिलेलं
पहिल्यांदाच बघत होतो.
किंमत ऐकली, तरी लगेच उठलो नाही.
मग सवयीनं पायाचा आटा फिरवून पाहिला.
ढिला. नखाएवढा खेळ.
असला आटा मी कापला असता
तर मालकानं तो माझ्याच खिशात घालून
मला घरी पाठवलं असतं.
राहू दे म्हटलं.

निवासकडं गेलो, जुन्या मालकाचा नातू.
त्याचं आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं,
पण कोपऱ्यात माझा लेथ अजून पोत्याखाली आहे.
तासभर दे म्हटलं.
त्यानं चहा सांगितला, स्टूल पुढं केलं.
मी उभ्यानंच चार पाय कापले.
आठवतं हाताला. डोळ्याला नाही, हाताला.

पेटी जांभळाची. विहिरीच्या तळाला घालतात ते लाकूड,
पाण्याला भीत नाही.
उंचीवर मात्र अडलो.
सुतार म्हणाला, गुडघ्याएवढी.
बायको म्हणाली, पाटाएवढी नको,
उठताना मलाच हाका माराल.
शेवटी पेन्शनीच्या दिवशी बँकेतल्या बाकड्यावर
बरं वाटलं, तशी तिथंच टेप काढली.
सोळा इंच, वर दोन सूत.
वॉचमन बघत राहिला.

काठ उतरता. पाण्याकडचे पाय
सहा फेरे जास्त सोडले,
मागचे काळ्या मातीत दाबले,
वर पाणसळ ठेवली,
बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरला.
पलीकडं म्हशी उतरत होत्या,
कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्यावर.
आता बसणार, तेवढ्यात बाबालाल आला,
बघू म्हणाला,
आणि बसला तो साडेनऊपर्यंत.
मी मागं उभा, काठी धरून.
सवयच आहे.
जाताना एवढंच बोलला, मलाबी एक कर.

मग बसलो.
बूच हललं नाही. मीही नाही.
एक खंड्या येऊन माझ्या काठीवर टेकला,
त्याला वाटलं असेल, हे झाड जुनंच आहे इथलं.

घरी बायकोनं विचारलं, काय गावलं?
म्हटलं, बसायला गावलं.
तिनं तरी पिशवी उलटी करून पाहिली:
चार पाय, चिखलानं भरलेले आटे.
पुसून तेल द्यायला हवं,
आजच.